गुपित कळल्यावर

रहस्यपट एकदाच पाहायचा असतो, असं सगळे सांगतात. शेवट कळला की पुन्हा तिकिटाला पैसे घालायचे कशाला? माझ्या घरात मात्र हा नियम कधी चालला नाही. माझे अब्बा कोल्हापुरातल्या एका थिएटरात डोअरकीपर होते. रोजचे तीन खेळ आणि सुटीच्या दिवशी मॅटिनी. एखादा सिनेमा चार आठवडे चालला, तर तो त्यांनी ऐंशी-नव्वद वेळा पाहिलेला असायचा. तोही सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी. दार उघडायचं, हातातली बॅटरी जमिनीवर धरून उशिरा आलेल्याला खुर्ची दाखवायची, परत येऊन पडद्याशेजारी उभं राहायचं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ‘बीस साल बाद’ मॅटिनीला पुन्हा लागला होता. तो मूळचा १९६२चा, बिरेन नाग यांचा, हेमंतकुमारांनी काढलेला. रात्रीचं माळरान, लताबाईंचा लांबून येणारा आवाज, विश्वजीतचा बावरलेला चेहरा. मी अब्बांच्या सदऱ्याचं टोक धरून उभा होतो. भीती वाटायला लागली की मी डोळे मिटायचो. अब्बा खाली वाकले आणि कानात म्हणाले, “पडद्याकडे बघू नकोस. माणसांकडे बघ. आता तिसऱ्या रांगेतली ती बाई पदर तोंडात धरणार.” तिनं धरला. पुढचं वाक्य, “आता मागं कुणीतरी हसणार.” कुणीतरी हसलं. भित्रा माणूस अंधारात पहिल्यांदा हसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या सिनेमातलं भूत भूत नसतंच. एका नासवलेल्या पोरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या सूड उगवणारं ते माणूस असतं. पहिल्यांदा पाहताना आपण त्या माणसाला शोधत असतो. दुसऱ्यांदा पाहताना ते माणूस पहिल्यापासून समोर असतं. त्याच्या साध्या बोलण्यातही दुःख ऐकू यायला लागतं. मॅटिनीला तो सिनेमा एक आठवडा होता आणि मी चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी मला भीती वाटली नाही. रडू आलं. अब्बांना वाटलं, पोरगं घाबरलं. त्यांनी मला बाहेर नेऊन शेंगदाणे घेऊन दिले.

आज बोलायचं आहे ते याच गोष्टीवर. भुताखेताचा, रहस्याचा सिनेमा माणूस पुन्हा का पाहतो? आणि पुन्हा पाहण्यासारखा असतो तो कोणता?

आल्फ्रेड हिचकॉकनं यावर एक सोपा दाखला दिलेला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि कुणालाच ते ठाऊक नाही. तो फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटं खुर्चीत अंग चोरून बसतो. म्हणजे ताण न कळण्यात नसतो, कळण्यात असतो. याच गृहस्थानं १९६०मध्ये ‘सायको’ काढला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये अशी ताकीद थिएटरांना दिली होती. आमच्या अब्बांना ती नोकरी जमली नसती. त्यांच्या दारातून माणसं मध्यंतरानंतरही आत यायची आणि शेजाऱ्याला “काय झालं वं आतापर्यंत?” असं विचारून पुढचा सिनेमा तितक्याच गोडीनं बघायची.

हे आपल्याकडे नवीन नाही. आपली करमणूकच मुळी शेवट ठाऊक असलेल्या गोष्टींवर वाढलेली. श्रावणात नवनाथांची पोथी लागते, तेव्हा पुढच्या अध्यायात काय आहे हे ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना वाचणाऱ्यापेक्षा जास्त पाठ असतं. मोहरममध्ये करबलाची हकीकत सांगितली जाते. इमाम हुसेन परत येणार नाहीत, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी पाण्याचा प्रसंग आला की दरवर्षी त्याच ठिकाणी माझी अम्मा पदरानं डोळे पुसायची. आमच्या गल्लीतला पंजा बघायला येणारी हिंदू कुटुंबंही त्याच जागी गप्प व्हायची. पुढचं सांगून मजा घालवलीस, अशी तक्रार कुणी कधी केली नाही.

आणि या गावात तर सिनेमाच अशा गोष्टींवर उभा राहिला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२०चा. कीचकाचं काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. द्रौपदीच्या जागी भीम बसलाय हेही ठाऊक होतं. तरीही कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर आलं की बायका थिएटरात बेशुद्ध पडल्या, असं सांगतात, आणि सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. म्हणजे गुपित काहीच नव्हतं, तरी भय शंभर टक्के होतं. तो सिनेमा आज कुणालाच दुसऱ्यांदा पाहता येत नाही, कारण तो हाती उरलेला नाही. मूकपटांच्या त्या अख्ख्या कारखान्यातलं फार थोडं वाचलं.

त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी १९२९मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. १९३३मध्ये ती पुण्याला गेली, पण त्याच्या आदल्या वर्षी, १९३२मध्ये, इथं ‘माया मच्छिंद्र’ तयार झाला. दिग्दर्शक शांतारामबापू. गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, दुर्गाबाई खोटे स्त्रीराज्याची राणी आणि मास्टर विनायक गोरखनाथ. गुरू मोहात पडला म्हणून शिष्य त्याला सोडवायला निघतो, स्त्रीराज्यात शिरतो, झगडतो, आणि शेवटी समोर येतं की हे सगळं गुरूनंच रचलेलं, सगळी मायाच. आजच्या भाषेत ज्याला धक्कादायक शेवट म्हणतात, तो नव्वदेक वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या माणसांनी करून ठेवलेला आहे. आणि तोसुद्धा पोथी पाठ असलेल्या प्रेक्षकांसमोर!

दुसऱ्यांदा पाहताना या सिनेमात एक वेगळीच मौज येते. ही माया आहे हे आपल्याला कळलेलं असतं. मग राणीचा तो महाल, ते खांब, ते दरवाजे बघताना आपण म्हणतो, ही माया बांधली कुणी? बांधली ती साहेबमामा फत्तेलाल यांनी. मूळचे इथल्या कागलचे, शेख घराण्यातले. प्रभातच्या चित्रपटांचं कलादिग्दर्शन त्यांचं. पुढं विष्णुपंत दामल्यांबरोबर त्यांनीच १९३६चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. कागलच्या एका मुसलमान कारागिरानं नाथांची माया उभी करावी, तुकोबांचं देहू उभं करावं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटू नये, असा तो काळ होता. मी मराठीत कविता लिहितो म्हणून लोक मला कौतुकानं “तुम्ही मराठीत कसे?” असं विचारतात, तेव्हा मी साहेबमामांचं नाव सांगतो आणि विषय बदलतो.

भुताच्या हिंदी सिनेमाची वाट खऱ्या अर्थानं रुळवली ती ‘महल’नं, १९४९मध्ये. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोहींचं पहिलंच दिग्दर्शन. ओसाड हवेली, भिंतीवरच्या तसबिरीत हुबेहूब आपलाच चेहरा बघणारा अशोककुमार, आणि झोपाळ्यावर, होडीत, जिन्यावर दिसून नाहीशी होणारी मधुबाला. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेलं ते गाणं लांबून जवळ येत जातं. त्यासाठी लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला लावलं होतं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून ‘कामिनी’ असं त्या पात्राचंच नाव छापलं होतं. लोक रेडिओला पत्रं पाठवून विचारायला लागले, ही गाणारी कोण? म्हणजे भूत पडद्यावर एक आणि रेडिओवर दुसरंच! मी हे आज रेडिओवरूनच सांगतोय, म्हणून जरा गंमत वाटते.

‘महल’चं गुपित असं की ती आत्मा वगैरे नसते, माळ्याची मुलगी असते. हे कळून मी तो पुन्हा पाहिला, तेव्हा सिनेमाच उलटा झाला. पहिल्यांदा मी अशोककुमारबरोबर तिच्या मागं धावत होतो. दुसऱ्यांदा मी तिच्या बाजूनं बघायला लागलो. मोठ्या घराच्या बागेत वाढलेली एक गरीब पोर. माळ्याची मुलगी म्हणून कुणीच तिच्याकडे बघणार नाही. भूत झाली तरच बघणार. पहिल्या वेळी जे जिने गूढ वाटले, तिथं दुसऱ्या वेळी मला तिची धाप ऐकू आली. सगळं किती पळत, किती जपून तिनं केलं असेल! एकाच तिकिटात दोन सिनेमे नसतात, पण एका सिनेमात दोन असतात ते असे.

मराठीतही १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’ आहे. वसंत जोगळेकरांचा, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा, हृदयनाथांच्या संगीताचा. त्याची गाणी लोक आजही गुणगुणतात, आणि त्यातलं एक गाणं रात्री एकट्यानं गुणगुणायला नको वाटतं, एवढं सांगितलं तरी पुरे. १९९९चा ‘द सिक्स्थ सेन्स’ हा तर जगभरात दुसऱ्यांदा पाहण्यासाठीच ओळखला जातो. त्याचा दिग्दर्शक मनोज नाइट श्यामलन आपल्या माहेचा जन्मलेला. त्यातलं गुपित मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी तो परत लावावा आणि त्या डॉक्टरशी कोण बोलतं आणि कोण बोलत नाही, एवढंच मोजावं.

पण मला ज्यावर थांबायचं आहे, तो सिनेमा ‘तुंबाड’. त्याची गुपितं मी आता फोडणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी रागावू नये. माझं म्हणणं खरं असेल, तर त्यांचं काहीच बिघडणार नाही.

तुंबाड हे गाव खरंच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. मराठी वाचकांना ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ठाऊक. सिनेमाचं नाव त्या कादंबरीवरून सुचलं, पण गोष्टीचं बीज नारायण धारपांचं. धारप (१९२५–२००८) हे आमच्या पिढीचं चोरटं वाचन. वाचनालयात धारपांचं पुस्तक जागेवर सापडलं तर ती लॉटरी. कधी मिळालंच तर शेवटची चार पानं गायब. कुणीतरी भीतीनं फाडली की प्रेमानं, कळायचं नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे याला ‘धारपांची एक गोष्ट’ म्हणून ती पहिल्यांदा एका मित्रानं नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली, १९९३मध्ये. राही हा ‘हमीदाबाईची कोठी’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा. त्याचा पहिला खर्डा १९९७चा, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिलेला. चित्रीकरण सुरू झालं २०१२मध्ये, आणि पडद्यावर यायला १२ ऑक्टोबर २०१८ उजाडला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच सिनेमानं झाली होती. इकडे मात्र तो आला आणि बऱ्याच ठिकाणी दोन-तीन आठवड्यांत उतरला. मग १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा लागला, आणि पहिल्या वेळी कमावले होते त्याहून जास्त पैसे त्यानं दुसऱ्या वेळी कमावले. त्यात मधल्या सहा वर्षांत घरी, मोबाइलवर पाहिलेलीच माणसं किती असतील! गुपित ठाऊक असलेल्या माणसांनी तिकिटं काढून भरलेलं थिएटर. अब्बा असते तर दारात उभे राहून हसले असते.

मी तो दोन्ही वेळा थिएटरातच पाहिला. पहिल्यांदा २०१८च्या नवरात्रात. तेव्हा आमच्या घरात काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

अब्बा गेल्यावर त्यांचं जुनं घर राहिलं. दोन खोल्या, माळा आणि पुढची पडवी. आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. भाईजान त्या घरातच राहतात. मी बाहेर भाड्यानं. गल्लीतल्या जागांना भाव आला आणि आम्हा दोघांनाही अचानक अब्बांची फार आठवण यायला लागली. आमच्या शरियतप्रमाणे भावाच्या हिश्शाच्या निम्मा हिस्सा बहिणीचा असतो, हे मला लहानपणापासून पाठ. मुशायऱ्यात, भाषणात मी ते मोठ्या अभिमानानं सांगतही आलोय की बघा, चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वाटा लिहून दिलेला आहे. आणि त्या वर्षी मी आणि भाईजाननं आपाला निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिला एक साडी दिली. तिनं घडी न मोडता ती पिशवीत ठेवली. त्याच आठवड्यात मी एकटाच ‘तुंबाड’ला गेलो.

गोष्ट थोडक्यात अशी. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला आईचं सोनं हवं असतं आणि धान्यही. सोनं त्याच्या हाती लागतं, धान्यावर हात टाकायच्या आत बाकीचे देव त्याला संपवायला उठतात. आई त्याला वाचवते, पण अट अशी की त्याचं नाव कुणी घेणार नाही, पूजा कुणी करणार नाही. तुंबाडातलं एक घराणं त्याचं देऊळ बांधतं आणि गावावर न थांबणारा पाऊस लागतो. पुढं तीन पर्व आहेत, १९१८, १९३३ आणि १९४७. लहानगा विनायक, एका झोपडीत साखळदंडानं बांधलेली भुकेली म्हातारी, आणि एका मोहरेच्या आशेवर म्हाताऱ्या सरकारांची सेवा करणारी विनायकची आई. मग मोठा झालेला विनायक परत येतो, वाड्याखालच्या विहिरीतून देवीच्या गर्भात उतरतो, कणकेची बाहुली हस्तरपुढं टाकतो आणि तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवतो. शेवटी तो आपल्या मुलाला, पांडुरंगला, हाच धंदा शिकवतो.

पहिल्या वेळी मी काय पाहिलं? पाऊस पाहिला. पंकजकुमारचा कॅमेरा पाहिला. सासवडचा तो काळवंडलेला वाडा पाहिला. म्हातारीनं डोळे उघडले तेव्हा दचकलो. बाहेर आलो आणि बायकोला सांगितलं, “लोभाची गोष्ट आहे. बामणांच्या वाड्यातली. चांगली केलीय.” दुसऱ्याच्या घरातला लोभ माणसाला किती स्वच्छ दिसतो!

दुसऱ्या वेळी आपाचा मुलगा बरोबर होता. वीस-बावीसचा आहे. त्यानंच तिकिटं काढली होती. गणपती अजून बसलेले होते, रस्त्यात ढोल चालले होते, थिएटरात शिरलो तरी कानात घुमत होते. तो म्हणाला, “मामू, मी मोबाइलवर तीनदा बघितलाय, पण पावसाचा आवाज मोबाइलवर येत नाही.”

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या चार मिनिटांतच मी सरळ बसलो. सुरुवातीची ती देवीची कथा पहिल्या वेळी मला सजावट वाटली होती, आपल्या जुन्या सिनेमात मंगलाचरण असतं तशी. आता लक्षात आलं की सगळं गुपित तिथंच सांगून टाकलेलं आहे. हस्तरला सोनं मिळालं आणि अन्न मिळालं नाही. म्हणून तो कणकेला भुलतो. पिठाच्या रेषेच्या आत तो का येत नाही, बाहुली का लागते, शेवटी बाहुल्यांचा ढीग आणल्यावर घात का होतो, याचं सगळं बी त्या चार मिनिटांत पेरलेलं आहे. दिग्दर्शकानं काही लपवलंच नव्हतं. लपवलं होतं ते आपल्या घाईनं. ‘पुढं काय?’ असं विचारणाऱ्या माणसाला समोरचं ऐकू येत नाही. आणि ती कथा सांगतंय कोण? एक बाप आपल्या मुलाला सांगतोय. पहिल्या वेळी मला तो नुसता निवेदकाचा आवाज वाटला होता. आता कळलं की धंद्याचा पहिला धडा चाललाय.

म्हातारीला झोपवायला हस्तरचं नाव घेऊन धाक घालतात. पहिल्या वेळी ते वाक्य आलं की अंगावर काटा यायचा. दुसऱ्या वेळी मी फक्त कोण कुणाला म्हणतंय ते बघत होतो. पहिल्यांदा आई म्हणते, मग पोरगा म्हणतो, आणि अगदी शेवटी तेच वाक्य मुलगा आपल्या बापाला म्हणतो. शब्द तेच राहतात. पण तोवर ते अंगाईसारखे वाटायला लागतात.

आणि एक गोष्ट मला त्या मुलानं, माझ्या भाच्यानं, मध्यंतरात सांगितली. ती साखळदंडातली म्हातारी आणि शेवटचा पांडुरंग ही दोन्ही कामं एकाच पोरानं केलीयत. मोहम्मद समद त्याचं नाव. चेहऱ्यावर तो एवढा मेकअप, की ओळखायची सोयच नाही. हे कळल्यावर मी उत्तरार्ध वेगळ्याच नजरेनं पाहिला. ज्या तोंडानं ‘दे, दे’ म्हणून आकांत केला, त्याच तोंडानं शेवटी ‘नको’ म्हटलं. बनवणाऱ्यांनी हे सोयीसाठी केलं असेल, मुद्दाम केलं असेल. पण मला आता ते वेगळं करून बघता येत नाही.

पहिल्या वेळी जिथं मी श्वास रोखला होता, तिथं दुसऱ्या वेळी मान खाली घातली, अशी एक जागा आहे. विनायक मुलाला पुण्यात तयार करतो. मोहर कशी ओढायची, किती वेळ, हात कुठं, पाय कुठं. विहिरीत उतरायची तालीमच म्हणा. पहिल्या वेळी त्यात नुसता ताण होता, पोरगं वाचेल ना? दुसऱ्या वेळी मला त्या बापाचा चेहरा दिसला. तो क्रूर नाही. प्रेमानं शिकवतोय. आपल्याकडे जे आहे तेच माणूस मुलाला देतो. अब्बांनी मला अंधारात बॅटरी जमिनीवर कशी धरावी ते शिकवलं, म्हणजे बसलेल्याच्या डोळ्यांवर उजेड पडत नाही. मी माझ्या मुलांना काय दाखवलं? हक्कसोडपत्र झालं त्या दिवशी माझा मोठा मुलगा साक्षीदार म्हणून बरोबर होता. सही कुठं घ्यायची त्या जागेवर त्यानंच पेन्सिलीनं फुली मारली होती.

शेवट जवळ आला तेव्हा मी अब्बांसारखं केलं. पडद्यावरनं नजर काढली आणि शेजारी बघितलं. पुढं काय होणार हे भाच्याला मिनिटामिनिटाला ठाऊक होतं, तरी त्याची बोटं खुर्चीच्या हातावर रुतली होती. तिकडं बाप अख्खा लंगोट पुढं करत होता, सगळं सोनं एकदम. माझ्या भाच्याचे ओठ हलले. तो पांडुरंगाबरोबर ‘नको’ म्हणत होता. एका बहिणीचा वाटा खाल्लेला मामा शेजारी बसलाय, हे त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असणार. घरात असल्या गोष्टी लपत नाहीत. तरीही त्यानं माझं तिकीट काढलं होतं, आणि मध्यंतरात मक्याच्या लाह्याही आणल्या होत्या.

बाहेर आलो. रस्त्यात एका मंडळाची आरती चालली होती, म्हणून वाट बघत उभे राहिलो. तो म्हणाला, “नाना हाच एक सिनेमा रोज कसा बघत असतील?” मी म्हणालो, “ते सिनेमा बघत नव्हते.” त्याला बहुधा कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

दोन दिवसांनी भाईजानकडे गेलो आणि आपाच्या हिश्शाचा विषय काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिची सही तर झालीय.” मी म्हणालो, “आपल्या तर व्हायच्यात.” ते उठून आत गेले. हिबानामा करून तिचा हिस्सा तिला परत देता येतो, असं वकिलानं सांगितलंय. माझ्या भागापुरता तो मी केला. भाईजानचा अजून व्हायचा आहे. त्यावर इथं याहून जास्त बोलणं बरं नाही.

त्याच आठवड्यात मी तिसऱ्यांदा ‘तुंबाड’ पाहिला, या वेळी आपाला घेऊन. तिनं थिएटरात शेवटचा सिनेमा कधी पाहिला होता, तिलाच आठवत नव्हतं. मी दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघत होतो. म्हातारीनं डोळे उघडले तेव्हा अख्खं थिएटर ओरडलं, आपा नाही. तिनं फक्त विचारलं, “हिला खायला वेळेवर देत नाहीत का?” हस्तर आला तेव्हाही ती शांत होती. शेवटी पांडुरंग जळत्या बापाकडे पाठ फिरवून उभा राहिला, पडद्यावर नावं यायला लागली, माणसं उठली. आपा बसूनच राहिली.

मग म्हणाली, “आणि त्या पोराची आई? ती तिकडं पुण्याला वाट बघत असेल ना? तिला कोण सांगणार?”

तीन वेळा पाहून मला हा प्रश्न पडला नव्हता. मी अजून त्याच्यावर विचार करतोय. आपा म्हणते, परत लागला तर सांग, मी बघते, कुठं दाखवलंय का.